फॉरमॅट मारला तरी दोन महिन्यांत पीसी पुन्हा स्लो? आधी हे बघा

फेब्रुवारीचा शेवट. सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे रंगात आलेले. सकाळी साडेअकराला एका अडत दुकानाच्या दिवाणजींचा फोन आला. "पुन्हा तसंच झालंय बघा. पट्टी निघंना. शेतकरी कवाचा दारात बसलाय, त्याला एसटी गाठायचीय. येताना विंडोज घेऊन या, फॉरमॅटच मारून टाकू."

(पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा छापील हिशेब.) येता येता कोथिंबिरीची जुडी आणायला सांगावी, तसं आमच्याकडं विंडोज आणायला सांगतात. दोष त्यांचा नाही, ही सवय आम्हा दुरुस्तीवाल्यांनीच लावलीय. फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं बसवणं, सोपा पडतो. दीड-दोन तासांचं काम, ठरलेले पैसे, दुखणं शोधत बसायला नको. गिऱ्हाईकही खूश, कारण मशीन नव्यासारखं पळतं. दोन महिने.

त्या दुकानातला हा वर्षभरातला तिसरा फॉरमॅट ठरला असता. पहिला मीच मारला होता, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळीची घाई होती, मशीन स्लो होतं, मी फार खोलात गेलो नाही. दुसरा त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला. तिसऱ्या वेळी मात्र मी पेनड्राइव्ह खिशातच ठेवला आणि आधी स्टूल ओढून बसलो.

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडायला चार मिनिटं लागत होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, तो उघडला. सीपीयू सहा टक्के, मेमरी साठ टक्क्यांच्या आसपास, डिस्क शंभर टक्के, लालभडक. इथवर बरेच जण येतात आणि "डिस्क शंभर टक्के आहे" म्हणून पुन्हा फॉरमॅटकडंच वळतात. पुढं अजून एक पायरी आहे. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कवर क्लिक केलं की खाली दोन गोष्टी दिसतात: दर सेकंदाला किती डेटा वाचला-लिहिला जातोय, आणि सरासरी रिस्पॉन्स टाइम किती मिलिसेकंद आहे. इथं वाचन अर्धा एमबीसुद्धा होत नव्हतं, आणि रिस्पॉन्स टाइम दोन हजारांच्या वर. म्हणजे गडी रिकाम्या पाटीनिशी धापा टाकत होता. धडधाकट हार्ड डिस्कचा हा आकडा साधारण दहा-वीसच्या घरात असतो. कामाच्या गर्दीत थोडा वर जातो, पण हजारांत रेंगाळत नाही.

मग पेनड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. फुकट आहे, इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्तीही मिळते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. हे सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. निळं 'गुड' असेल तर ठीक. इथं पिवळं 'कॉशन' होतं. हळदीच्या दुकानात पिवळं काही दिसलं की माणूस खूश होतो, पण हे पिवळं तसलं नव्हतं. सी५ नावाच्या ओळीत, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर काउंटमध्ये, शेवटी २८ आकडा. यात एक गंमत लक्षात ठेवा: हे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात. तिथलं २८ म्हणजे आपले ४०. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन 'रॉ व्हॅल्यूज' दशमानात करून घेतलं की डोकं कमी शिणतं. चाळीस जागा अशा होत्या की डिस्कला त्या धड वाचता येत नव्हत्या. विंडोजला तिथली फाइल लागली की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करायची, आणि तोवर सगळं दुकान थांबायचं.

बघायच्या ओळी तीनच: ०५, सी५ आणि सी६. पहिली म्हणजे खराब झालेल्या किती जागा डिस्कनं राखीव जागांवर हलवल्या, दुसरी म्हणजे किती जागांचा निकाल अजून लागायचाय, तिसरी म्हणजे कुठल्या जागांपुढं तिनं हात टेकले. तिन्ही शून्य असाव्यात. ०५ मध्ये दोन-चार असतील आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहिले तर नजर ठेवून चालवता येतं. आकडा आठवड्याला वाढत असेल तर डेटा आजच काढा.

आता मुद्द्यावर येतो. डिस्क आजारी असताना फॉरमॅट मारल्यावर दोन महिने मशीन पळतं कसं? आपण मारतो तो क्विक फॉरमॅट. त्यात डिस्कची जागा तपासली जात नाही, फक्त नवी अनुक्रमणिका लिहिली जाते. वर नवं विंडोज बसतं. ज्या खराब जागेवर नवं काही लिहिलं जातं, तिथं डिस्क गुपचूप राखीव जागा जोडून घेते. त्यात सुरुवातीला टॅली आणि ब्राउझर सोडून काहीच नसतं, मागं चालणारा पसारा नसतो. म्हणून नवं वाटतं. पण डिस्क झिजायची थांबलेली नसते. नव्या जागा खराब होत जातात, पसारा वाढतो, आणि सीझन ऐन भरात असताना पट्टी अडकते. तेव्हा एकाच मशीनवर तीच तक्रार फॉरमॅटनंतर परत आली, तर पुन्हा विंडोजला धोपटण्यात अर्थ नाही. कारण लोखंडात आहे, विजेत आहे किंवा वापरात आहे.

अशा डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवू नका, निदान डेटा काढायच्या आधी तरी. त्या तपासणीत डिस्क तासन्‌तास घासली जाते आणि मरायला टेकलेली तिथंच मान टाकते. आम्ही आधी टॅलीचं डेटा फोल्डर आणि पट्ट्यांच्या फाइली बाहेर काढल्या. दोन फाइली वाचल्याच गेल्या नाहीत. नशिबानं मागच्या आठवड्याचा बॅकअप होता. मग एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाकली, विंडोज नव्यानं बसवलं. लायसन्सची चिंता अनेकांना असते: विंडोज १० किंवा ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्यानं ते जात नाही.

लॅपटॉप असेल तर मात्र डिस्कला किंवा बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरला) हात लावायच्या आधी डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे का ते बघा. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. मग एका सकाळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतात, आणि ते खातं कुणाच्या मेलवर उघडलं होतं हे घरात कुणालाच आठवत नाही. किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यातच साठवलेली असते. आधी छापून कपाटात ठेवा.

दोष एकटा नव्हता, हे कॅबिनेट उघडल्यावर कळलं. आतला प्रोसेसरचा पंखा कुठला आणि उष्णता शोषणारा हीटसिंक कुठला हे ओळखू येईना, इतका हळदीचा थर. ही धूळ चिकट असते, नुसत्या ब्लोअरनं निघत नाही. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन पात्यापात्यामधून काढावी लागते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. साफ केल्यावर थर्मल पेस्ट नवी लावली. आधी तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये प्रोसेसर ९४ अंशांवर दिसत होता, नंतर त्याच कामाला ६१. शंभराच्या जवळ गेला की प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, जळू नये म्हणून. गिऱ्हाईक त्यालाही 'हँग' म्हणतं. माझ्या हातावरचा पिवळा रंग दोन दिवस गेला नाही. घरी म्हणाले, कुणाच्या हळदीला जाऊन आलास?

टास्क मॅनेजर वाचायचा कसा

हे सगळं करायच्या आधी एक फुकटचा उपाय: रीस्टार्ट. शटडाउन नव्हे. "मी रोज रात्री बंद करतो की" असं सगळे सांगतात. पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर एकोणीस दिवस दिसतात तेव्हा लोकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरोखर कोऱ्या पाटीवर सुरू होतं. एसएसडी असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं 'पॉवर बटणं काय करतात' ही ओळ, त्यात खूण काढायची. उघडायला दोन-चार सेकंद जास्त लागतील, भांडणं कमी होतील.

रीस्टार्टनंतर दहा मिनिटं मशीनला हात लावू नका, मग टास्क मॅनेजर बघा. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं विंडोज अपडेट आणि डिफेंडरची (विंडोजच्या अँटिव्हायरसची) झाडलोट चालू असते, त्यावर निदान करणं म्हणजे जिना चढून आलेल्या माणसाचं बीपी मोजणं.

डिस्क लाल असेल तर वर सांगितलं ते. तब्येत 'गुड' असून लाल असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर आजार नाही, वय आहे. फिरणाऱ्या डिस्कचा काटा सेकंदाला शंभरेक वेळाच जागा बदलू शकतो, आणि आजचं विंडोज एकाच वेळी शेकडो बारक्या फाइली मागतं. एसएसडीत काटाच नाही, ती अशा मागण्या सेकंदाला हजारोंनी भागवते. जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीचा. याबद्दल माझं मत आता ठाम झालंय.

मेमरी नव्वदीच्या पुढं असेल आणि चार जीबी रॅम असेल तर बोलायला फार काही उरत नाही. आठ करा. तोवर ब्राउझरमधल्या टॅब बंद ठेवा. यूट्यूबला भजन, जीएसटीचं पोर्टल, बँकेची साइट, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि वर टॅली, एवढं चार जीबीत म्हणजे वडापच्या जीपमध्ये अख्खं वऱ्हाड.

सीपीयू चढलेला असेल तर कुठल्या नावापुढं आकडा मोठा आहे ते बघा. दोन अँटिव्हायरस असतील तर ते एकमेकांवर पहारा देत बसतात, एक काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बहुतेक घरांना आणि दुकानांना पुरतो. नाव ओळखीचं नसेल तर प्रोसेस एक्सप्लोरर वापरा, आणि मशीन सुरू होताना काय काय उठून बसतं ते बघायला ऑटोरन्स. ही दोन्ही सिसइंटर्नल्सची हत्यारं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये ते काम सुरू केलं आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली, त्यामुळं ती मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळतात. ऑटोरन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आहे. ती चालू केली की बाहेरून आलेले पाहुणे तेवढे उरतात. काही डिलीट करू नका, फक्त खूण काढा. चुकलं तर परत लावता येते.

सी ड्राइव्ह भरतो कुठून

सी ड्राइव्हखाली लाल रेघ दिसली की लोक फोटो डिलीट करत बसतात. आधी मोजा. विझट्री डिस्कची अनुक्रमणिका थेट वाचतं, म्हणून काही सेकंदांत कुठलं फोल्डर किती फुगलंय ते दाखवतं. मात्र ते घरगुती वापरालाच फुकट आहे. दुकानात विनडिरस्टॅट वापरा, ते जरा सावकाश चालतं पण सगळ्यांना मोफत आहे. माझ्या अनुभवात गुन्हेगार ठरलेले असतात. डाउनलोड्समध्ये एकच बिल सतरा वेळा उतरवलेलं, कंसात आकडा टाकून. डेस्कटॉपवर टॅलीचे बॅकअप, तेही सी ड्राइव्हवरच, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेले. मोठ्या अपडेटनंतर उरलेलं 'विंडोज डॉट ओल्ड', जे परत जुन्या आवृत्तीवर जायची सोय म्हणून साधारण दहा दिवस ठेवलेलं असतं. ते हातानं उडवू नका, सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या 'टेम्पररी फाइल्स'मधून काढा.

व्हायरसबद्दल फार लिहीत नाही, कारण वाट बहुतेक वेळा एकच असते: क्रॅक. ऑफिस किंवा विंडोज फुकटात चालू करून देणारं जे सॉफ्टवेअर 'आधी डिफेंडर बंद करा' सांगतं, त्यानं स्वतःची ओळख दिलेलीच असते. संशय असेल तर डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा, तो विंडोज उठायच्या आधी तपासतो. ब्राउझरमध्ये नको त्या जाहिराती उगवत असतील तर त्या काढणारं अ‍ॅडक्लीनर. आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट छापायला दिलेला पेनड्राइव्ह परत आल्यावर सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झाले असतील तर घाबरून तोही फॉरमॅट मारू नका. फाइली आतच असतात, फक्त लपवलेल्या. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा आणि 'सिस्टमच्या संरक्षित फाइली लपवा' यावरची खूण काढा. बहुतेकदा बिननावाचं एक फोल्डर दिसतं, सगळा माल त्यात. शॉर्टकटवर डबल क्लिक तेवढं करायचं नाही, रोग त्यातच असतो. हवं ते उचलून घेतलं की मग पेनड्राइव्ह खुशाल पुसा.

पट्टी निघंना, तारीख मागं जाते

छपाईची तक्रार आली की लोक प्रिंटरला दोष देतात. प्रत्यक्षात एखादी अर्धवट छापलेली फाइल रांगेत तोंडाशी अडकलेली असते आणि तिच्यामागं वीस. कॅन्सल केलं तरी 'डिलीटिंग' म्हणून तशीच बसते. तेव्हा विंडोजचं बटण आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). यादीत 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) शोधा, स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल या क्रमानं जाऊन 'प्रिंटर्स' फोल्डर उघडा आणि आतल्या फाइली पुसा. फोल्डर ठेवायचं, आतलं काढायचं. स्पूलर पुन्हा स्टार्ट. दोन मिनिटांत रांग मोकळी.

रांग रिकामी असून कागद येत नसेल तर डिफॉल्ट प्रिंटर कुठला आहे ते बघा. विंडोजमध्ये 'माझा डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' अशी एक उपटसुंभ सोय आहे. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. कुणी एकदा पीडीएफ काढली की पुढच्या पट्ट्या निमूटपणे पीडीएफमध्ये जातात आणि दिवाणजी कागदाची वाट बघत बसतात. प्रिंटरची वायर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावली तरी विंडोज कधी कधी त्याच प्रिंटरची दुसरी प्रत तयार करतं आणि जुनी ऑफलाइन दाखवतं.

दुसरी तक्रार: "इंटरनेट चालू आहे, पण एकही साइट उघडेना, सगळीकडं कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय." उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. २०१५ किंवा तसलंच काही असेल. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं असतं. मशीनची तारीख त्याच्याबाहेर गेली की ब्राउझर नकार देतो, जीएसटी पोर्टलही आणि बँकही. तारीख नीट केली की चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल संपलाय. तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. इंटरनेटवाल्याला शिव्या घालायच्या आधी तो बदला. फक्त सेल काढायच्या आधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल निघाला की तिथली मांडणी मूळपदावर जाते, आणि जुन्या मशीनवर डिस्क जोडायची साटा पद्धत बदलली तर विंडोज उठतच नाही. मग त्या सेलवरून पुन्हा एक फॉरमॅट होतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निळा पडदा

निळा पडदा (नव्या विंडोज ११ मध्ये तो आता काळा झालाय) आला की खाली लिहिलेला स्टॉप कोड टिपून घ्या. पळून गेला तर ब्लूस्क्रीनव्ह्यू हे नीरसॉफ्टचं चिमुकलं सॉफ्टवेअर जुन्या नोंदी वाचून कुठल्या ड्रायव्हरजवळ (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरजवळ) गाडी घसरली ते सांगतं. दरवेळी तेच नाव असेल तर तो ड्रायव्हर बदला. दरवेळी वेगळं नाव असेल तर मी रॅमवर किंवा वीजपुरवठ्यावर संशय घेतो. निळ्या पडद्याला विंडोजच कारण असतं असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला जगभरात सुमारे ८५ लाख मशीनं निळी झाली, विमानं अडकली, ती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटमुळं.

रॅम तपासायला विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे. जास्त खात्री हवी तर मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा, एकही चूक निघता कामा नये. पावसाळ्यात आमच्याकडं मशीन आठ दिवस बंद राहिलं की सुरू करताना नुसतं पीं-पीं वाजतं आणि पडद्यावर काही येत नाही. वीज पूर्ण तोडून रॅम काढायची, सोनेरी पट्ट्यांवर शाळेतलं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, कचरा झटकायचा, पुन्हा टक्‌ आवाज येईपर्यंत बसवायची. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

विंडोजच्या फाइली खरंच बिघडल्यात असं वाटलं तरी फॉरमॅटच्या आधी दोन हुकूम आहेत. टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडा. पहिला: डीआयएसएम, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि ऑनलाइन, पुन्हा जागा, तिरपी रेघ आणि क्लीनअप-इमेज (मध्ये आडवी रेघ), पुन्हा जागा, तिरपी रेघ आणि रिस्टोअरहेल्थ. याला इंटरनेट लागतं, मध्येच ६२ टक्क्यांवर अडकल्यासारखा वाटतो, चहा पिऊन या. तो झाल्यावर दुसरा: एसएफसी, जागा, तिरपी रेघ, स्कॅननाऊ. हाच क्रम ठेवा, कारण दुसरा ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतो तो साठा पहिला दुरुस्त करतो.

हत्यारांबद्दल बोलतोय तर काय टाकू नये तेही सांगतो. 'पीसी बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर', रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारं काहीही. रजिस्ट्रीतल्या हजार नोंदी पुसून वेग वाढत नाही, एखादी कामाची पुसली की मात्र पीसी बसतो. झाडलोटीचं सीक्लीनर एके काळी आम्ही सगळे डोळे झाकून टाकायचो. २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीतच कुणी तरी घुसून विषारी कोड टाकला होता, आणि तो अधिकृत साइटवरूनच उतरत होता. तेव्हापासून मी ते सोडलं. झाडलोटीसाठी विंडोजचं 'स्टोरेज सेन्स' पुरतं.

विंडोज १० वाल्यांनी एक लक्षात घ्या: त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालतं, पण सुरक्षेची नेहमीची अपडेट बंद. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' एका क्लिकमध्ये हो-नाही सांगतं. न बसणाऱ्या मशीनवर रुफस हे सॉफ्टवेअर वापरून जबरदस्तीनं बसवता येतं, मीही बसवून दिलंय, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँक आणि जीएसटीच्या मशीनवर हा जुगार खेळू नका.

राहिला बॅकअप. सांगलीकराला तो शिकवायला नको, असं मला २०१९ पर्यंत वाटायचं. आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्याही वर गेलं. गावभागातल्या एका गिऱ्हाईकानं पीसी उचलून माडीवर नेला, अगदी मॉनिटरसकट, आणि बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क खालच्या ड्रॉवरमध्येच राहिली. दुसऱ्याकडं उलटं झालं: पीसी बुडाला आणि पाणी ओसरल्यावर त्यानं डिस्क उन्हात वाळवून चालू करून बघितली. आत गाळ असताना फिरवली की तबकडीवर ओरखडे उठतात, मग लॅबवालेही काही करू शकत नाहीत. भिजलेली डिस्क चालू करू नये, वाळवूही नये, तशीच पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्यावी. आता मी बॅकअप दोन ठिकाणी ठेवायला लावतो: एक क्लाउडवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की वायर काढून दुसऱ्या घरी. लावूनच ठेवली तर खंडणीवाला व्हायरस तिलाही कुलूप घालतो.

त्या अडत दुकानातलं मशीन त्यानंतर पूर्ण सीझन चाललं. मध्ये एकदा दिवाणजींचा फोन आला. या वेळी सुरुवातच वेगळी होती. "रीस्टार्ट केलंय, शटडाउन नव्हं. टास्क मॅनेजर उघडलाय, डिस्क तीन टक्के. स्पूलर बंद करून चालू केला, रांग मोकळी हाय. डिफॉल्ट बी बरोबर हाय. प्रिंटर करकर वाजतोय, कागद बाहेर येतोय, पण कोरा. आता काय फॉरमॅट?"

म्हटलं, "दिवाणजी, रिबन बघा."

पलीकडं प्रिंटरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही.

"हां. राहू द्या, आता येऊ नका."